सातवीच्या मुलांकडून वर्गाचं 'मिशन स्टेटमेंट' लिहून घ्यायचंय. कुणी केलंय का?

सातवी_ब
नमस्कार मंडळी. गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात शिकवते. यंदा सातवीची वर्गशिक्षिका आहे, मुलं ३८. वरून फर्मान आलंय: प्रत्येक वर्गाने महिनाअखेरपर्यंत आपलं मिशन स्टेटमेंट तयार करून भिंतीवर लावायचं. आमच्यातल्या दोघींनी नेटवरून उतरवलं, रंगीत प्रिंट काढली आणि मोकळ्या झाल्या. दोघींच्या वर्गांत शब्दन्‌शब्द तेच आहे, फक्त बॉर्डर वेगळी.

मला ते नको. मुलांनीच लिहावं असं वाटतं. शुक्रवारी शेवटच्या तासाला विचारलं, "आपला वर्ग कसा असावा?" भराभर हात वर. रिस्पेक्ट, डिसिप्लीन, क्लीनलिनेस, युनिटी. माझ्याकडे न बघता, फळ्याच्या वर कुठेतरी बघत बोलत होती. मागून एकजण पुटपुटला, "टीचर, होमवर्क नाका." तासाभरात मला खरं वाटलेलं वाक्य तेवढं एकच!

अडचणी तीन. हे किती दिवसांत करावं? कुठल्या भाषेत? (निम्मी मुलं गावातल्या सरकारी मराठी शाळेतून चौथी करून पाचवीला इंग्रजीत आलेली, बाकीची पहिलीपासून इंग्रजीतली, चार-पाच घरी कन्नड बोलणारी.) आणि एखाद्याला ते मान्यच नसेल तर काय करायचं?

शेवटचा_बाक
मिशन: मधली सुट्टी दहा मिनिटं आधी. व्हिजन: मधली सुट्टी कायमची. हलकेच घ्या.

पुणेरी_पाटी
आमच्याकडे पाटी लावायला कुणाला विचारत नाहीत. 'वर्गात बोलू नये. बोलल्यास उत्तर मिळणार नाही.' झालं स्टेटमेंट.

निवृत्त_हेडमास्तर
बाई, राग मानू नका, पण ३१ वर्षं वर्गात काढली म्हणून लिहितो. हे कंपन्यांचं खूळ आहे. साबण विकणाऱ्याला मिशन लागतं. सातवीच्या मुलाला लागतो वेळेवर येणारा मास्तर आणि दोन-तीन नियम, जे सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरे असे नसतील.

दुसरं असं की भिंतीवरचं किंवा पाठ झालेलं ऐकू येणं बंद होतं. प्रार्थनेनंतरची आपली प्रतिज्ञा बघा. पैदिमर्री व्यंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ साली तेलुगूत लिहिली. एकेक वाक्य तोलूनमापून लिहिलेलं आहे, आणि मुलं एका दमात 'माझेबांधवआहेत' करून मोकळी होतात. तुमच्या स्टेटमेंटचं तेच होणार.

मयेची_लेक
मास्तरांचं निम्मं पटतं. कारण पहिल्या वर्षी माझं तेच झालं.

सहावीला शिकवायचे. मी फळ्यावर 'आम्ही एकमेकांचा आदर करू' लिहिलं, मुलांनी हो म्हटलं, चार्टपेपरवर स्केचपेननं उतरवलं, कडेनं फुलं काढली. चतुर्थीच्या सुट्टीनंतर त्याच चार्टखाली दोघांची कंपासपेटीवरून मारामारी. मी मोठ्या तोऱ्यात चार्टकडे बोट दाखवलं. दोघंही गोंधळून बघायला लागले. आदर करायला त्यांची ना नव्हतीच. कंपास कुणाची, एवढाच प्रश्न होता.

दुसऱ्या वर्षी प्रश्नच बदलला. 'वर्ग कसा असावा' असं विचारलं की मूल्यशिक्षणाच्या पुस्तकातली उत्तरं येतात. त्याऐवजी चिठ्ठ्या वाटल्या, नाव लिहायचं नाही. दोनच प्रश्न: 'या वर्गात तुला शेवटचं वाईट कधी वाटलं?' आणि 'शाळेत यावंसं कधी वाटलं?' वाटेल त्या भाषेत लिहा, चित्र काढलं तरी चालेल. चिठ्ठ्या घरी नेऊन वाचा, लगेच वर्गात वाचू नका. अक्षर ओळखतात मुलं.

मग त्यातनं निघालेल्या गोष्टींवर दोघादोघांनी मिळून एक वाक्य करायचं. दोन जोड्यांनी एकत्र बसून दोनांचं एक. मग आठजणांचं एक. दर पायरीला एक वाक्य मरतं आणि कुठलं मरू द्यायचं यावरून जी भांडणं होतात ना, खरं काम तिथे होतं. मला चार तास लागले, एका आठवड्यात एकच तास. घाई केलीत तर मोठ्या आवाजाच्या मुलाचं वाक्य जिंकतं.

अर्धा_वकील
ताईंच्या चिठ्ठ्यांना +१. फक्त 'कधी लिहावं' याबद्दल. सगळे वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात लिहून घेतात, ते मला उलटं वाटतं.

संविधानाची उद्देशिका पुस्तकात पहिल्या पानावर असते म्हणून ती आधी लिहिली असं वाटतं. संविधान सभेनं ती चर्चेला घेतली १७ ऑक्टोबर १९४९ ला, कलमांवरची चर्चा होत आल्यावर. आत काय आहे ते ठरल्यावर दारावरची पाटी. आणि त्या दिवशी एका वाक्यावर मतदानसुद्धा झालं! ह. वि. कामतांना सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' हवी होती. बाजूने ४१, विरुद्ध ६८. दुरुस्ती पडली.

हे वर्गात जरूर सांगा. मोठी माणसंही एका शब्दासाठी हात वर करून भांडतात, हरतात, आणि तरी त्याच सभेत बसून राहतात.

निवृत्त_हेडमास्तर
वकीलसाहेब, अर्ध्यावर सोडू नका. मी नागरिकशास्त्रच शिकवायचो. उद्दिष्टांचा ठराव नेहरूंनी मांडला १३ डिसेंबर १९४६ ला, मंजूर झाला २२ जानेवारी १९४७ ला. म्हणजे दिशा आधी ठरली होती, वाक्य मागाहून बसवलं.

अर्धा_वकील
मान्य. म्हणून तर 'अर्धा'.

आबोलीचो_वळेसर
भाषेबद्दल. कोंकणींत बरयात (लिहा) आनी सोंपयात. भुरगीं (मुलं) मधल्या सुटयेंत खंयचे भाशेंत झगडटात? ते भाशेंत.

शेवटचा_बाक
आता कोणती लिपी ते पण सांगा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खाडीकाठ
गोव्याचा राजभाषा कायदा १९८७ चा आहे, त्यात मराठीचं स्थान...

व्यवस्थापक
भाषावादाचा धागा वेगळा आहे. तिथं चारशेच्या वर प्रतिसाद झालेत, तुमचेही बसतील. इथे सातवीबद्दल बोला.

पेडणेकरीण
वाद नको, पण शब्दाबद्दल बोलू द्या. 'मिशन स्टेटमेंट' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर रॉकेट तरी येतं नाहीतर चर्चची शाळा. 'ध्येयवाक्य' म्हणजे मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागचं संस्कृत. 'घोषवाक्य' प्रभातफेरीला. 'उद्दिष्ट' पाठ टाचणात.

मी 'वसा' म्हणेन. आजी श्रावणात कहाणी सांगायची त्यातला. उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस. आणि कहाणीत तो वसा नेहमी मोडतोच बघा. मोडतो, मग हाल होतात, मग आठवण येते आणि पुन्हा घेतला जातो. कहाणी पहिल्या दिवशी संपत नाही. वर्गाचंही तसंच असणार ना?

मयेची_लेक
पेडणेकरीण, हे घेतलं हं मी.

पुणेरी_पाटी
'सातवी ब चा वसा'. चांगलं वाटतंय. चुकून 'वसाहत' वाचलं आधी.

खाडीकाठ
वसाहतीवरून आठवलं. (अवांतर आहे, पण भाषावाद नाही, तेव्हा व्यवस्थापकांनी डोळा झाकावा.)

१५२६ साली अफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्यानं गोव्यातल्या गावकऱ्यांच्या चालीरीती लिहून काढल्या, तो 'फोराल'. गावं ती चाल त्याआधीच पाळत होती. बैठकीत कोण कुठं बसणार, शेतं कशी वाटणार, सगळं ठरलेलं. पोर्तुगिजांना वसुलीला सोयीचं पडावं म्हणून कागदावर आलं. लिहिणारा बाहेरचा, चाल गावची.

वर्गातही चाल असतेच. कोण खिडकीपाशी बसतो, डबा कोण कुणाबरोबर खातो, मॉनिटरचं खरंच कोण ऐकतं, हे सगळं मुलांना पाठ असतं. आपण त्यावर एक कोरा कागद ठेवून 'चला, सुरुवात करूया' म्हणतो. आधी आहे ती चाल लिहून घ्या की. त्यातली कुठली ठेवायची, कुठली मोडायची, यावर बोलायला मुलांकडे भरपूर असेल.

निवृत्त_हेडमास्तर
हे बरं लिहिलंत. बाकी तुमच्याशी पटण्याची सवय नाही.

कदंबातला_प्रवासी
शिक्षक नाही, पालक आहे. बरेच दिवस नुसता वाचतो, आज लॉग इन केलं.

मुलगी आठवीला, शाळेचं नाव घेत नाही. गेल्या वर्षी असंच 'सगळ्यांनी मिळून लिहिलेलं' पत्रक सहीला घरी आलं. इंग्रजी असं की मला दोनदा वाचावं लागलं. तिला विचारलं, यातलं तुझं कुठलं? म्हणाली, एकही नाही. तिनं चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'मुलींच्या बाथरूमला आतून कडी हवी.' टीचर म्हणाल्या, बाय, ही तक्रार झाली, मिशन नव्हे.

ती कडी नसल्यामुळे मुली जोडीनं जायच्या, एकीनं बाहेर दार धरून उभं राहायचं. दिवसभर पाणी कमी प्यायची, संध्याकाळी डोकं दुखायचं. घरी आम्हाला हे ठाऊकच नव्हतं, त्या चिठ्ठीच्या निमित्तानं कळलं. आणि पत्रकात पहिलंच वाक्य होतं की आमचा वर्ग सर्वांसाठी सुरक्षित जागा आहे.

मी सही केली. न करून करतो काय? पण सातवी_ब बाई, असली चिठ्ठी आली तर कृपा करून टाकून देऊ नका. वाक्यात बसत नसेल तर वेगळ्या कागदावर घ्या, आणि स्टेटमेंट लावायच्या आधी त्यातलं एक तरी काम करून दाखवा.

पेडणेकरीण
दादा, कडी बसली का शेवटी?

कदंबातला_प्रवासी
दोघातिघा आयांनी जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी बसली. साठ-सत्तर रुपयांची वस्तू.

सातवी_ब
सगळ्यांचे आभार. कदंबातले दादा, तुमचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. उद्या चिठ्ठ्या घेते. सांगते काय होतं ते.

शेवटचा_बाक
तोवर कुणी वसा मोडला तर शिक्षा काय तेही ठरवा. आम्हाला बाकावर उभं करायचे. वरून गावातली नदी दिसायची, चांगलं वाटायचं.

अर्धा_वकील
नदी दिसो न दिसो, शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १७. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी.

मयेची_लेक
शिक्षा जोडली की तो नियम होतो, मग मुलं पळवाटा शोधतात. मी दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी एवढंच विचारायचे: यातलं कुठलं वाक्य या महिन्यात मोडलं? माझ्याकडूनही मोडलं असेल तर सांगा. पहिल्या महिन्यात सगळी गप्प. दुसऱ्या महिन्यात एक मुलगी म्हणाली, 'टीचर, तुम्ही.'

शेवटचा_बाक
आणि?

मयेची_लेक
खरं होतं. पेपर वाटताना मी मार्क मोठ्यानं वाचले होते.

सातवी_ब
तीन आठवड्यांनी येतेय. महिनाअखेर उलटून गेली, मुदत वाढवून मागितली, बोलणी खाल्ली. आता सांगते.

३८ चिठ्ठ्या. दोन कोऱ्या, एकीवर फक्त फुटबॉल. चौघांनी मधल्या सुट्टीच्या पावभाजीतला पाव सुका असतो असं लिहिलं. एकीनं तिच्या वर गळतं आणि वही भिजते असं, ते त्याच दिवशी बघितलं आणि बाक सरकवला. (दादा, हा तुमच्या सांगण्याचा परिणाम.) पण ११ चिठ्ठ्या एकाच गोष्टीच्या होत्या. मोठ्यानं वाचताना बाकीची हसतात.

गंमत पुढेच आहे. यातल्या सहा मराठी शाळेतून आलेल्यांच्या, इंग्रजीच्या तासाबद्दल. 'नॉलेज'मधला के उच्चारला म्हणून महिनाभर त्या पोराला 'कनॉलेज' म्हणत होते. उरलेल्या पाच पहिलीपासून इंग्रजीत असलेल्यांच्या, मराठीच्या तासाबद्दल. जोडाक्षरावर अडखळलं की मागून हशा. म्हणजे सकाळी जे हसतात त्यांच्यावर दुपारी हसलं जातं, आणि दोघांनाही वाटत होतं की हे आपल्या एकट्यालाच होतं. मी दोन्ही तासांना वर्गात होते. मला दिसलं नव्हतं.

नावं न घेता फळ्यावर फक्त आकडे लिहिले. सहा, पाच. वर्ग इतका शांत मी यंदा पाहिला नव्हता.

मग मयेच्या ताईंनी सांगितलं तसं दोघादोघांचं, चौघांचं. मुद्दाम एक इकडचा, एक तिकडचा असं बसवलं. पहिल्यांदा पुन्हा 'वुई विल रिस्पेक्ट एव्हरीवन' आलंच. त्यावर एक मुलगा, घरी कन्नड बोलतो, एरवी तोंड उघडत नाही, म्हणाला, रिस्पेक्ट म्हणजे काय करायचं? कुणाला सांगता येईना. बराच वेळ खल चालला आणि शेवटी एका गटातून हे आलं:

'कोण वाचतना अडखळ्ळो जाल्यार ताचें वाक्य सोंपमेरेन रावचें.'

कुणी वाचताना अडखळलं तर त्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायचं. बस्स. मी काहीही बदललं नाही. एकूण चार वाक्यं झाली, ज्या भाषेत आली त्याच भाषेत लिहिली: दोन कोंकणी, एक मराठी, एक इंग्रजी. वरती 'सातवी ब चा वसा'. खाली सह्या, त्यातल्या तीन कन्नडमध्ये.

सह्या ३७ आहेत. एकजण नाही म्हणतोय. त्याचं म्हणणं, "म्हाका हांसो येता, टीचर. सही करून मागीर फट कित्याक मारूं?" हसू येतंच, मग सही करून खोटं कशाला बोलू. बाकीची त्याच्या मागं लागलीत, सही कर, सही कर. मी काय करू?

पुणेरी_पाटी
समजावा. एकानं सोडलं की उद्या पाच सोडतील.

आबोलीचो_वळेसर
पयल्या वाक्याक देव बरें करूं. आनी त्या भुरग्याक धरून सही घेवं नाकात.

निवृत्त_हेडमास्तर
बाई, त्याला तसाच राहू द्या. तुमच्या वर्गात तो मजकूर नीट वाचून बघितलेला तो एकटाच आहे. बाकीच्यांनाही आधी सांगा, त्याच्या मागं लागायचं बंद.

आणि पहिल्या प्रतिसादात मी साबणाबद्दल जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण तुमच्या वाक्याला ते लागू नाही.

खाडीकाठ
सहीची जागा मोकळी ठेवा, तेवढं पुरे. त्याला एकच विचारा: तुला हसू आलं तर काय करशील? जे सांगेल ते त्याचं वाक्य.

पेडणेकरीण
अठ्ठावीस फळं बांधली आणि एक घरचा रुसून बसला म्हणून गणपतीवर टांगलेली माटोळी उतरवत नाहीत.

शेवटचा_बाक
माटोळीत फळं किती, यावर आता पन्नास प्रतिसाद.

खाडीकाठ
आमच्याकडे आंबाडे आणि कांगलां नसली तर माटोळीच नव्हे. आकड्याचं नंतर बघू.

सातवी_ब
विचारलं. थोडा विचार करून म्हणाला, पुस्तक तोंडापुढे धरीन. परवा मराठीच्या तासाला 'दुष्काळग्रस्त'पाशी एकीची गाडी अडली. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे. त्यानं पुस्तक तोंडापुढे धरलं, खांदे गदागदा हलत होते, पण आवाज नाही. तिनं तीन वेळा तोडून तो शब्द पुरा केला. सही अजून नाही. मीही विचारलेलं नाही.

ऑफिसातून मात्र निरोप आलाय की तक्ता 'एकाच भाषेत, इंग्रजीत आणि लॅमिनेट करून' हवा. मुलांनी त्यावर तोडगा काढलाय: इंग्रजी भाषांतर करून एक प्रत ऑफिससाठी, आमचा कागद वर्गात. भाषांतर करताना 'थांबायचं'ला पुन्हा कुणीतरी 'रिस्पेक्ट' सुचवलं. चौघांनी मिळून हाणून पाडलं. 'वेट' राहिलं.

आता एक बारीक अडचण. पावसाच्या दमटपणामुळे सेलोटेप दर दोन दिवसांनी सुटते आणि पंख्याच्या वाऱ्यानं वसा खाली येतो. कुणाकडे उपाय?

कदंबातला_प्रवासी
टेप नको बाई. भिंत ओली असेल तर काही चिकटत नाही. फळ्याच्या लाकडी चौकटीला दोन ड्रॉइंग पिना मारा, वर आणि खाली.

शेवटचा_बाक
खालची एकच मारा. वरचा कोपरा सुटला की आम्हाला उठून लावायला जाता येतं, तासातली दोन मिनिटं जातात.